एका फुटाचा इतिहास : घाटकोपर स्थानक आणि सुगम्यतेचा प्रश्न

१/
मुंबईतील घाटकोपर येथे दोन स्थानके एकमेकांना खेटून उभी आहेत : मध्य रेल्वेचे जुने आणि मेट्रोचे नवे. मेट्रोच्या फलाटावरून व्हीलचेअर थेट डब्यात शिरते. पूल ओलांडून लोकलच्या फलाटावर आल्यावर तीच व्हीलचेअर दारापाशी अडते, कारण मध्ये सुमारे फूटभर उंचीची पायरी आहे. ही पायरी कोठून आली आणि अजून का टिकून आहे, याचा हा धागा.

२/
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. अंतर २१ मैल, डबे १४, पाहुणे सुमारे ४००. आगगाडीत शिरण्यासाठी मराठीने जे क्रियापद निवडले, ते आजही आपण वापरतो : आपण गाडीत ‘चढतो’ आणि गाडीतून ‘उतरतो’. रेल्वेप्रवासात अंग उचलणे गृहीतच धरलेले होते.

३/
३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गाने देशातील पहिली विजेवरची गाडी धावली. विजेच्या गाडीचा गुण असा की ती झटकन वेग घेते आणि झटकन थांबते. त्यामुळे जवळजवळची स्थानके आणि लागोपाठच्या गाड्या शक्य झाल्या. थांब्याचा वेळ मात्र घटत घटत अर्ध्या मिनिटावर आला. चढण्याच्या कष्टात घाईची भर पडली.

४/
आता थोडी मापे पाहू. या कथेतील खरी कागदपत्रे तीच आहेत. भारतीय रेल्वेच्या नियमानुसार उंच प्रवासी फलाट रुळांच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतो, म्हणजे अडीच ते पावणेतीन फूट. लोकलच्या डब्याची जमीन मात्र रुळांपासून सुमारे १२०० मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ चार फुटांवर असते. उरलेले सव्वा ते दीड फूट प्रवाशाने आपल्या पायांनी भरून काढायचे.

५/
मग फलाट डब्याइतका उंच का केला नाही? याचे उत्तर उंचीत नसून रुंदीत आहे. मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट रुंद असतो. त्याची निम्मी रुंदी १.८३ मीटर. फलाटाचा काठ रुळांच्या मध्यरेषेपासून १.६७ ते १.६८ मीटरवर असतो. म्हणजेच डब्याची बाजू फलाटाच्या काठाच्या किंचित पुढे येते. फलाट डब्याच्या जमिनीपर्यंत उचलला, तर डबा त्यालाच घासेल.

६/
मग काठ मागे सरकवावा? तेथे दुसरी अडचण उभी राहते. लांब पल्ल्याच्या गाडीचा नेहमीचा डबा सुमारे ३.२५ मीटर रुंद, म्हणजे लोकलच्या डब्याहून अरुंद असतो. काठ लोकलसाठी मागे नेला, तर मेलगाडी आणि फलाट यांच्यामध्ये वीतभर आडवी फट पडेल. अनेक मार्गांवरून मालगाड्याही जातात. एकाच काठाला वेगवेगळ्या रुंदीच्या गाड्या सांभाळाव्या लागतात.

७/
म्हणून ही पायरी केवळ निष्काळजीपणातून जन्मली, असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. ती तडजोडीतून जन्मली. पण प्रत्येक तडजोडीची किंमत कोणीतरी मोजत असते, आणि इतिहासाने विचारायला हवे ते हेच की ती कोणी मोजली. धडधाकट तरुणाला ही पायरी जाणवतही नाही. कुबड्या घेतलेल्या प्रवाशाचा प्रवास मात्र तेथेच संपतो.

८/
पुढील दशकांत मुंबईची लोकल वाढली, ती लांबीने. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, काही पंधरा डब्यांच्या झाल्या. त्यासाठी फलाट लांबवले गेले, सिग्नल हलवले गेले. गाडीत किती माणसे मावतात, हा रेल्वेचा मुख्य हिशेब होता. फलाटापर्यंत कोण पोहोचूच शकत नाही, हे मोजण्याचा रकाना त्या हिशेबात नव्हता. जो स्थानकावर येतच नाही, तो गर्दीत दिसत नाही.

९/
हा रकाना प्रथम कायद्याने आखला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने रेल्वेचे डबे, स्वच्छतागृहे आणि प्रतीक्षालये व्हीलचेअर वापरणाऱ्यांना सोयीची करण्यास सांगितले. मात्र त्याच कलमात एक पळवाट होती : हे सारे ‘आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ करायचे होते. हक्क मान्य झाला, पण त्याची मुदत तिजोरीच्या सोयीवर सोडली गेली.

१०/
मुंबईच्या लोकलमध्ये अपंग प्रवाशांसाठी राखीव डबा आला. कर्करुग्ण आणि गर्भवती स्त्रियांनाही त्यात प्रवेश मिळाला. हा डबा फलाटावर नेमका कोठे थांबतो, हे अंध प्रवाशांना कळावे म्हणून त्या जागी सतत ‘बीप’ असा आवाज करणारी यंत्रे बसवली गेली. रोजच्या कोलाहलात आपल्यातील अनेकांनी तो आवाज ऐकलेला असेल, पण तो कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

११/
राखीव डबा ही मोठी प्रगती होती, यात शंका नाही. तरीही विसंगती उरलीच. डबा राखीव झाला, पण त्याच्या दारातील पायरी इतर डब्यांइतकीच उंच राहिली. त्या दारापर्यंत नेणारा पूलही पायऱ्यांचाच होता. आसन मिळाले, पण आसनापर्यंतची वाट मिळाली नाही.

१२/
जानेवारी २०१४. घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना एक विद्यार्थिनी फलाट आणि डबा यांच्यामधील पोकळीत पडली. ती वाचली, परंतु तिला कायमचे अपंगत्व आले. असे अपघात पूर्वीही होत असत. या अपघाताने मात्र शहर हेलावले आणि ‘फलाटाची उंची’ हा अभियंत्यांच्या पुस्तकातील शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

१३/
येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या पोकळीने व्हीलचेअर अडते, तीच पोकळी धडधाकट माणसाचा घात करते. सुगम्यता आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नव्हेत. पण समाजाने सुगम्यतेच्या मागणीकडे ‘काही थोड्यांची सोय’ म्हणून पाहिले. ती ‘सर्वांची सुरक्षा’ आहे हे उमजायला अपघात घडावा लागला.

१४/
प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. त्याआधीपासूनच, रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले कार्यकर्ते समीर झवेरी अपघातग्रस्तांना तातडीची मदत मिळावी म्हणून न्यायालयीन लढा देत होते. आता उंचीचा प्रश्नही ऐरणीवर आला. रेल्वेने उपनगरी फलाट ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत उचलण्याचे काम हाती घेतले.

१५/
कागदावर हा फरक जेमतेम तीन ते सहा इंचांचा आहे. प्रत्यक्षात फलाट उचलायचा म्हणजे काठाचे दगड, फरशी, पाण्याचा निचरा, बाकडी, पाणपोई, जिन्याची शेवटची पायरी असे सारेच पुन्हा जुळवावे लागते, आणि तेही गाड्या बंद न करता. या इंचांनी दीड फुटाची पायरी सुमारे एक फुटावर आली. अपघाताचा धोका घटला, पण व्हीलचेअरला एक फूटही भिंतीसारखाच असतो.

१६/
आता त्याच वर्षातील पुढची घटना पाहा. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. १२ स्थानके, सुमारे ११.४ किलोमीटर. स्थानकांत उद्वाहने, अंधांसाठी उठावदार खुणांची फरशी, आणि डब्याच्या जमिनीच्या पातळीत असलेला फलाट. एकाच घाटकोपरात जानेवारीत पोकळीची दुर्घटना घडली आणि जूनमध्ये ती पोकळी नसलेले स्थानक उघडले.

१७/
मेट्रोला हे का साधले? कारण तिला वारसा नव्हता. तिचे रूळ वेगळ्या मापाचे, म्हणजे १४३५ मिलिमीटर रुंदीचे, तर लोकलचे १६७६ मिलिमीटरचे. मेट्रोच्या मार्गावर ना मेलगाडी येते, ना मालगाडी. एकाच प्रकारचा डबा असल्याने काठ त्याच्या मापाने घडवता आला. शिवाय ती बांधली गेली तेव्हा सुगम्यता कायद्याच्या भाषेत आलेली होती. जुने बदलण्यापेक्षा नवे नीट बांधणे नेहमीच स्वस्त पडते.

१८/
२९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद जिन्यावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा बळी गेला. येथे गाडीचा संबंध नव्हता. माणसे केवळ पुलावर होती. फलाटापर्यंतची वाट हीसुद्धा रेल्वेप्रवासाचाच भाग आहे, हे सत्य फार मोठी किंमत मोजून कळले.

१९/
त्यानंतर सैन्यदलाच्या मदतीने एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे पादचारी पूल उभारले गेले. ते फेब्रुवारी २०१८ मध्ये खुले झाले. इतर स्थानकांतही पूल, सरकते जिने आणि उद्वाहने यांना वेग आला. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा : सरकता जिना गर्दी वाहून नेतो, व्हीलचेअर नेत नाही. तिच्यासाठी उद्वाहन किंवा रॅम्प हाच मार्ग. दोन्ही ‘सुविधा’ असल्या तरी एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

२०/
दरम्यान कायदाही बदलला. ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत होऊन १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. जुन्या सार्वजनिक इमारती नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य कराव्यात, असे त्याने सांगितले. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. १९९५ ची तिजोरीची पळवाट जाऊन तिच्या जागी दिनदर्शिका आली होती.

२१/
तरी पालन का होत नव्हते? दृष्टिबाधित याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी यावर बोट ठेवले. कायदा सक्तीची भाषा बोलत होता, पण त्याखालील नियम मार्गदर्शक सूचनांचीच भाषा बोलत होते. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्र सरकारला बंधनकारक किमान मानके ठरवण्यास सांगितले.

२२/
या साऱ्या इतिहासाचे सार एका शब्दात सांगायचे तर तो शब्द ‘साखळी’. रस्ता, तिकीट खिडकी, पूल, फलाट, डबा, आणि पुन्हा तेच उलट्या क्रमाने. यातील एक कडी तुटली तरी प्रवास तुटतो. आपल्या जुन्या स्थानकांत कड्या सुट्या सुट्या जोडल्या गेल्या : आधी राखीव डबा, मग उंची, मग पूल, मग उद्वाहन. बहुतेक मोठ्या टप्प्यांमागे एखादा खटला तरी आहे किंवा एखादा अपघात तरी.

२३/
आणि ही साखळी कोणासाठी? उद्वाहनापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. गुडघे दुखणाऱ्या आजी, बाळाला कडेवर घेतलेली आई, पायाला प्लास्टर असलेला विद्यार्थी, जड पिशव्या घेतलेला विक्रेता, असे सारे तेथे येतात. अपंगत्व ही ‘इतरांची’ गोष्ट नाही. वय, आजार किंवा एक निसटलेले पाऊल कोणालाही त्या रांगेत आणून उभे करते.

२४/
इतिहास केवळ किल्ल्यांच्या बुरुजांत आणि ताम्रपटांत नसतो. तो फलाटाच्या काठातही असतो. अनेक स्थानकांत जुन्या बांधकामावर चढवलेला नवा थर आजही ओळखू येतो. त्या थराची जाडी म्हणजे समाजाने आपल्या काही नागरिकांकडे सरकलेले अंतर होय. ते काही इंच आहे. उरलेला एक फूट कसा भरायचा, हे आपल्या पिढीला ठरवायचे आहे.

आपल्या नेहमीच्या स्थानकात या साखळीतील कोणती कडी तुटलेली आहे? खाली अवश्य लिहा.