हाडाचा कर्करोग: डायनासोरच्या पायापासून आपल्या गुडघ्यापर्यंत

"डॉक्टर, पूर्वी कुठे होते असले आजार? हे सगळं आत्ताच्या खाण्यापिण्यामुळे." हाडाच्या कर्करोगाचं नाव काढलं की नातेवाईक हमखास असं म्हणतात. मग कुणी आईला दोष देतं, कुणी नशिबाला. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

पेण-रोह्याच्या आजूबाजूला दिसणारे काळे डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. उकळत्या लाव्हात हाडं टिकत नाहीत. पण लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात खोलगट जागी तळी साचत, आणि त्यांच्या गाळात मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे जपले जात. मुंबईत वरळीला अशाच गाळाच्या थरात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. ओवेन वैद्यकीचं शिक्षण घेतलेले शरीररचनातज्ज्ञ होते. 'डायनासोर' हे नावही त्यांनीच दिलं. बेडूक असो, डायनासोर असो की माणूस, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या सांगाड्याचा मूळ आराखडा एकच असतो. त्यामुळे माणसाचं हाड वाचता येणाऱ्याला जीवाश्मही वाचता येतं.

याचा मोठा पुरावा २०२० मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात आला. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात १९८९ साली सेंट्रोसॉरस या शिंगवाल्या डायनासोरच्या पायाचं एक वेडंवाकडं हाड मिळालं होतं. वय सुमारे साडेसात कोटी वर्षांहून जास्त. तेव्हा वाटलं, मोडलेलं हाड वाकडं जुळून आलं असावं. पुढे जीवाश्मतज्ज्ञांबरोबर पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि हाडांचे सर्जन बसले. त्यांनी हाडाचा सीटी स्कॅन काढला, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि माणसाच्या रोगट हाडाशी ताडून बघितलं. निदान निघालं ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग. माणसांत मुख्यतः वाढीच्या वयातल्या मुलामुलींना होतो, तोच.

त्या प्राण्याने ना पाकिटातलं खाल्लं होतं, ना मोबाइल वापरला होता. झपाट्याने वाढणाऱ्या हाडात पेशींची चूक होऊ शकते, आणि ही चूक माणसापेक्षा कितीतरी जुनी आहे. तेव्हा आई-वडिलांनो, स्वतःला दोष देऊ नका. हा आजार संसर्गजन्य नाही, आणि खेळताना मार लागल्याने होतही नाही. मार लागल्यावर तिकडे लक्ष जातं, इतकंच.

आता कामाची गोष्ट. डायनासोरकडे डॉक्टर नव्हता, तुमच्याकडे आहे. दहा ते वीस वयाच्या मुलाचा गुडघा, मांडीचा खालचा भाग किंवा खांद्याजवळचं हाड दोन-तीन आठवडे सतत दुखत असेल, रात्री दुखणं वाढत असेल किंवा सूज दिसत असेल, तर "वाढीचं दुखणं" म्हणून सोडू नका. तेल लावून रगडू नका, हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका. आधी साधा एक्स-रे काढा. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघतं. शंका आलीच, तर परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आपल्यापासून फार लांब नाही. वेळेत पोहोचलं तर केमोथेरपी आणि शस्त्रक्रियेने अनेकदा पाय वाचतो आणि जीवही.

आजार जुना आहे, उपचार मात्र नवे आहेत. त्यांचा फायदा घ्या.