गावाचे रान गावाच्या हाती

श्रोतेहो, रान राखावे असे सगळेच म्हणतात. पण राखायचे कुणी आणि कुणाच्या जमिनीवर, असे विचारले की सभा गप्प होते. जमीन हाती नसेल तर लावलेल्या झाडाला धनी कोण? म्हणून आज आपण झाडांच्या आधी जमिनीचा विचार करू.

विलायतेत या प्रश्नाचे उत्तर जमीन विकत घेऊन दिले गेले. १८९५ साली तिकडे नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था निघाली. तिने १८९९ साली विकेन फेन या पाणथळ भागातली दोन एकर जमीन दहा पौंडांना घेतली आणि ती किडामुंगी, पाखरे व गवत यांच्यासाठी राखून ठेवली. पुढे असल्या संस्थांना जमीन घेण्यासाठी सरकार आणि स्थानिक मंडळेही अनुदान देऊ लागली. अमेरिकेतही ही चाल रुजली.

आपल्या वऱ्हाडाची गोष्ट निराळी आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. नागपूरकडे मालगुजारी होती, इकडे रयतवारी. शेतकऱ्याचे वावर शेतकऱ्याच्या नावावर लागले आणि उरलेली पडीत जमीन सरकारची झाली. तेवढ्यात १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. मग काय, अमरावती-अकोल्याच्या पयानघाटातली काळी जमीन नांगराखाली जात राहिली. सातपुड्यात मेळघाटाचे रान उरले, ते सरकारने राखीव केले. लाकूडफाट्याचे रान वेगळे, गवताचा रमणा वेगळा, चराईची जमीन वेगळी, असे वर्ग पडले. गायरानाला आपले लोक अजूनही ई-क्लास म्हणतात, ते नाव त्या काळच्या दप्तरातले.

म्हणजे झाले काय? रान गावाच्या डोळ्यांसमोर, पण गावाचे नव्हे. ज्याचा हक्क नाही त्याला ते राखण्याची हौस कुठून येणार? ढोरे चरली, मोळ्या गेल्या, डोंगर उघडे पडले. पयानघाटात तर गायरानाच्या तुकड्याशिवाय मोकळी जमीनच राहिली नाही, आणि त्या तुकड्यावरही अतिक्रमण सुरू झाले. अखेर २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढावीत असा निकाल दिला. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनानेही गायराने इतर कामांसाठी देण्यावर कडक बंधने घातली.

पण रानाच्या बाबतीत खरा पालट त्याआधीच झाला होता. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि २००८ च्या आरंभी त्याचे नियम लागू झाले. आदिवासींना, तसेच तीन पिढ्या रानावर जगत आलेल्या इतर वनवासी लोकांना त्याने हक्क दिले. एकेका कुटुंबाच्या कसत्या जमिनीचा हक्क त्यात आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सामूहिक वनहक्क. जे रान गाव परंपरेने वापरत आले, ते राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. दावा ग्रामसभेने करायचा, तो उपविभागीय समितीने तपासायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीने मंजूर करायचा. किंमत एक पैसाही नाही. मात्र हे रान विकता येत नाही.

२००९ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर रानाचा असा हक्क मिळाला. देशात अगदी आरंभी हा हक्क मिळवणाऱ्या गावांत ते मोडते.

आता आपल्या अमरावती जिल्ह्यात येऊ. मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे कोरकूंचे लहानसे गाव आहे. परतवाड्याच्या ‘खोज’ या संस्थेने लोकांना कायदा समजावून सांगितला आणि कागदपत्रे जुळवायला मदत केली. २०१२ साली गावाला १९२ हेक्टर रानाचा हक्क मिळाला. रान कसले, उजाड झालेला डोंगर होता तो!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नुसत्या कागदाने डोंगर हिरवा होत नाही. चर खणायचे, रोपे लावायची, राखण करायची, म्हणजे मजुरी आली. ती रोजगार हमीतून मिळाली. पैसा सरकारचा, मदत संस्थेची, हक्क आणि श्रम गावाचे, असा हा तिवडा जुळला. गावकऱ्यांनी पाळीपाळीने राखण केली. डोंगरावरची सीताफळे पूर्वी मिळेल त्या भावाला जात. ती गावाने एकत्र करून, नीट पेट्यांत भरून थेट मुंबईच्या बाजारात नेली. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. विलायतेत संस्थेने जमीन विकत घेतली. इथे संस्थेने जमीन आपल्या नावावर केली नाही, गावाच्या हाती येऊ दिली. फरक आहे तो इथे.

पण सगळीकडे असेच घडले, असे समजू नका. कागद मिळाला तरी ग्रामसभा जागी नसेल, तर रान पुन्हा बेवारशी होते. आणि पैसा नुसता वरून आला, गावाचे मन त्यात नसेल, तर रोपे पहिल्या उन्हाळ्यातच वाळतात.

अकोल्याच्या किंवा दर्यापूरच्या काळ्या रानात राहणारे श्रोते म्हणतील, आमच्याकडे जंगलच नाही, आम्ही काय राखावे? तुमच्याकडे गायरान आहे ना! शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना एकदा तलाठ्याच्या दप्तरातला गावचा नकाशा दाखवा. ई-क्लास किती, त्यातली आज उरली किती, हे त्यांनाच बांधाबांधाने मोजू द्या. गावाची सामाईक जमीन कुठे आहे हे ज्या मुलाला ठाऊक झाले, तो मोठेपणी ग्रामसभेत गप्प बसणार नाही.