पदवीवांचून साहित्य

ज्याचें शालेय शिक्षण पुरें झालें नाहीं त्यानें काव्य वा कथा लिहिण्याचें धाडस करावें काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. त्याचें उत्तर शोधण्यास खानदेशाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. नशिराबादहून थोड्याच मैलांवर असोदें आणि भादली हीं दोन गांवें आहेत. पहिल्या गांवीं एक कवयित्री जन्मास आली. दुसऱ्या गांवीं एका कवीचा अंत झाला. दोघांपाशींही पदवी नव्हती.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० सालीं धरणगांवीं झाला. वडील पोलिस खात्यांत असल्यानें वारंवार बदल्या होत, आणि मुलाचें शिक्षण गांवोगांवीं विखुरलें जाऊन अर्धवटच राहिलें. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. तेथें या कोंवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यास 'बालकवि' म्हणून गौरविलें. पुढें अहमदनगरास रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या घरीं त्यांस आश्रय मिळाला. त्याच घरच्या लक्ष्मीबाई टिळक कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या. तरी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रानें मराठी गद्यांत मानाचें स्थान मिळविलें. बालकवि मात्र ५ मे १९१८ रोजीं भादलीस आगगाडीखालीं सांपडून सत्ताविसाव्या वर्षींच गेले.

असोद्याच्या बहिणाबाईंची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्यांचा जन्म १८८० सालचा. तेराव्या वर्षीं त्या जळगांवच्या चौधरी घराण्यांत सून म्हणून आल्या. तिशींत वैधव्य आलें. अक्षरओळख त्यांना कधींच झाली नाहीं. तथापि त्यांना अशिक्षित म्हणणें धाडसाचें होईल. जात्याच्या फेऱ्यानें त्यांना ओवीचा ताल दिला, आणि शेतीच्या कामानें उपमा पुरविल्या. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या कंठांत असलेली ही विद्या कोणत्याहि परीक्षेस बसत नाहीं, एवढेंच.

परंतु या विद्येचें एक मोठें दुर्दैव आहे. कंठांतलें काव्य कंठाबरोबरच जातें. बहिणाबाईंचे पुत्र कवि सोपानदेव आणि एक आप्त यांनीं जें टिपून ठेवलें तेवढेंच वांचलें. उरलेलें वाऱ्यावर गेलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली, आणि १९५२ सालीं त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक निघालें. आपलें पुस्तक पाहण्याचें भाग्य कवयित्रीस लाभलें नाहीं.

या तिघांच्या चरित्रांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. साहित्यिकास पदवी नसली तरी चालतें. परंतु लक्ष देऊन ऐकणारा कोणीतरी लागतो. बालकवींना तो संमेलनांत भेटला, लक्ष्मीबाईंना घरांत, बहिणाबाईंना पोटच्या मुलांत. ज्यांना असा कोणीच भेटला नाहीं, त्यांचीं नांवें सुद्धां आपणांस ठाऊक नाहींत.

१९९० सालीं जळगांवीं स्थापन झालेल्या विद्यापीठास २०१८ सालीं बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. ज्यांना मुळाक्षरें येत नव्हतीं, त्यांचें नांव आज सहस्रावधि पदवीपत्रांवर छापलें जातें. हा सन्मान योग्यच आहे. पण त्याहून निकडीचें काम आपल्या घरांतच आहे. आपली आजी, मावशी वा शेजारीण कांहीं गुणगुणत असेल, तर ज्यास लिहितां येतें त्यानें वही घेऊन तिच्याजवळ बसावें.