जननीच्या सभागृहात जननी

ब्रिटिश संसदेला ‘संसदांची जननी’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आपल्याच सदस्यांमधील जननीची दखल घेण्यास या संसदेला फार काळ लागला. १९१९ साली नॅन्सी अ‍ॅस्टर हाऊस ऑफ कॉमन्समध्ये आसनस्थ झाल्या. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यानंतरही जवळजवळ शंभर वर्षे नियम कायम राहिला : मत द्यायचे तर जातीने हजर राहून मतदानाच्या दालनातून चालत जायचे.

बाळंतिणीसाठी होता तो केवळ ‘जोडी’चा रिवाज. एक सदस्य गैरहजर असेल, तर विरुद्ध पक्षाच्या एकाने मत द्यायचे नाही, असा हा शब्दाचा करार. १७ जुलै २०१८ रोजी तो मोडला. नुकत्याच बाळंत झालेल्या जो स्विन्सन घरी होत्या. त्यांच्या जोडीच्या सत्ताधारी सदस्याने मात्र मत दिले. मागाहून क्षमायाचना झाली, पण रिवाजावरचा विश्वास डळमळला.

वास्तविक त्याच वर्षी फेब्रुवारीत, हॅरिएट हार्मन यांच्या पुढाकाराने, सभागृहाने प्रॉक्सी मतदान तत्त्वतः मान्य केले होते. म्हणजे रजेवरील सदस्याच्या वतीने सहकाऱ्याने मत नोंदवायचे. अंमल तेवढा होईना. १५ जानेवारी २०१९ रोजी ब्रेक्झिट करारावर मतदान होते. ट्यूलिप सिद्दिक यांनी आपली सिझेरियन शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि त्या चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आल्या. सरकार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी हरले. त्यांच्या एका मताने निकाल बदलला नसता. परंतु मतदारांचा आवाज की पोटचे मूल, अशी निवड मातेवर लादावी काय, हा प्रश्न आता टाळता येईना.

२८ जानेवारीस प्रयोगादाखल नवा नियम मंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी सिद्दिक यांचे मत विकी फॉक्सक्रॉफ्ट यांनी नोंदवले. मातांना सहा महिने व पित्यांना दोन आठवडे ही सवलत मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये ती कायम झाली.

आपल्याकडे प्रसूती लाभ कायदा १९६१ साली झाला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती नोकरदार स्त्रीची. राज्यघटनेचा अनुच्छेद १८९ विधानसभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचेच मत मोजतो. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनास आल्या, तेव्हा त्या दृश्याचे कौतुक झाले. पाळण्याची दोरी धरणाऱ्या हाताची थोरवी आपण नित्य गातो. त्या हाताला मताचा अधिकार सोडावा लागू नये, एवढी तजवीज मात्र कौतुकाने होत नाही. त्यासाठी नियमच करावा लागतो.