डब्यातला डबा

उमरेडच्या पोराने खेळण्यातल्या आगगाडीसाठी अंग टाकून हट्ट केल्याचे आमच्या लहानपणी कोणी ऐकले नव्हते. गरजच नव्हती. ती गाडी बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८ सालीच आणून दिली होती. नागपूरहून निघून कुही, उमरेड, भिवापूर असे करत नागभीडला जाणारी, अडीच फुटी रुळांची छोटी लाइन. मोठ्या लाइनीच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटरचे अंतर, आमच्या लाइनीत ७६२. भागाकार केला तर २.२ येतात. म्हणजे साहेबाने मोठ्या गाडीचे सव्वादोनास एक या हिशेबाने मॉडेल केले, ते आमच्या गावावरून फिरवले आणि वर आमच्याकडूनच तिकिटाचे पैसे घेतले, असे मी वर्गात गणित शिकवताना सांगत असे. रेल्वेतला माणूस हे ऐकून चिडतो. रुळांचे अंतर निराळे आणि मॉडेलचे प्रमाण निराळे, असे तो म्हणतो. त्याचे अगदी बरोबर आहे. पण वर्ग हसायचा आणि भागाकार लक्षात राहायचा.

ही गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. रूळ रुंद करायचे ठरले, ते चांगलेच झाले. उमरेडच्या माणसालाही कुठेतरी वेळेवर पोचण्याचा हक्क आहे. फक्त माझा नातू त्या वेळी दीड वर्षाचा होता. आता तो विचारतो, "आबा, छोटी लाइन केवढी होती?" हात पसरून दाखवावे, तर दोन हातांत पाच फूट होतात; एक हात मुडपला तर नातू म्हणतो, "नीट दाखवा नं." तेव्हा गाडीचे मॉडेल करायचे ठरवले. निवृत्त मास्तराला काहीतरी काम लागतेच, नाहीतर तो शेजाऱ्यांची शुद्धलेखने तपासू लागतो.

नागपुरातला पुतण्या म्हणाला, "कायले त्रास घेता काका? मागवून घ्या नं. सारं तयार भेटते."

सारे तयार भेटत नाही. आणि जे तयार भेटते ते तयार कसे भेटू लागले, यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो पुतण्याला सांगायला गेलो तर त्याला फोन आला. म्हणून तुम्हाला सांगतो.

या इतिहासाची सुरुवात लिव्हरपूलच्या एका कारकुनापासून होते, हे मला फार आवडते. फ्रँक हॉर्नबी हा मांस आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेब लिहीत असे. मुलांना खेळायला म्हणून त्याने पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडली, आणि नट-बोल्टांनी त्या हव्या तशा जोडता येतात हे पाहून १९०१ साली पेटंट घेतले. १९०७ पासून त्याला 'मेकॅनो' म्हणू लागले. कारकून पुढे लक्षाधीश झाला, पार्लमेंटातही निवडून गेला. हिशेबाच्या वहीत नुसते आकडे भरणाऱ्या आमच्या समस्त नातेवाइकांनी याची नोंद घ्यावी.

१९२० साली हॉर्नबीने चावीची आगगाडी काढली. ही पहिली गाडी मेकॅनोसारखीच नट-बोल्टांनी जुळवलेली होती. खोलावी, परत जोडावी. खेळण्याचा निम्मा खेळ तोच. मग काही वर्षांतच छापील पत्र्याच्या, खिट्ट्या वाकवून पक्क्या केलेल्या गाड्या आल्या. त्या स्वस्त पडत आणि पोरे त्या खोलू शकत नसत. म्हणजे जुळणीच्या खेळाला पहिली ओहोटी लागली ती त्याच्या जन्मदात्याच्याच कारखान्यात.

आमच्या मामाकडे नागपूरला, महालात, लढाईपूर्वीचा एक मेकॅनो होता. लाल-हिरव्या पट्ट्या, रंग उडालेल्या. मामा तो वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुटीत काढत. खेळ झाला की नट आणि बोल्ट निरनिराळे मोजून घेत, बँकेतला खजिनदार संध्याकाळी रोकड मोजतो तसे. एक नट कमी भरला तर सगळी भाचेमंडळी सतरंजी झटकत, कोनाडे धुंडाळत, आणि तो सापडेपर्यंत कोणालाही आमरस मिळत नसे. पुढे 'मेकॅनिक्स' नावाचा देशी अवतार निघाला. तो पुष्कळ घरांत पोचला, पण नट मोजून घेणारे मामा तोवर कमी झाले होते.

विलायतेत आणि अमेरिकेत मात्र जुळणीच्या आगगाड्यांचे खरे दिवस दुसऱ्या महायुद्धानंतर आले. पोरांपेक्षा बापांचेच. युद्धातून परतलेला माणूस तळघरात नाहीतर माळ्यावर फळी टाकून बसे, पुढ्यात किट, हातात कानस. इंग्लंडात बाहुल्या करणाऱ्या एका कंपनीने १९५९ साली 'किटमास्टर' या नावाने प्लॅस्टिकच्या इंजिनांचे संच काढले. तीनच वर्षांत तिने साचे एअरफिक्सला विकून टाकले. अमेरिकेत ॲथर्न कंपनीचे निळे खोके घरोघर गेले. त्यात डब्याची वरची टोपी, खालचा सांगाडा, चाके, वजनासाठी लोखंडाची पट्टी आणि चार स्क्रू. जुळणी इतकी सोपी की शौकीन लोक थट्टेने म्हणत, खोके नुसते हलवा, आत गाडी तयार. आपल्याकडे ही थट्टा आणखी छान बसते: डबा हलवला की आत डबा!

त्यात तुच्छतेने म्हणणारेही होते. पितळी पत्रा कापून सोल्डर करणाऱ्याला निळ्या खोक्याचा माणूस म्हणजे शेवया विकत आणणारी सून. पण चार स्क्रू का होईना, ते त्याने स्वतः पिळलेले असत. चाक अडले तर कुठे अडले हे त्याला कळे. आज माझ्या घरातली एकही वस्तू अडली तर कुठे अडली हे मला कळत नाही, दुरुस्तीवाल्यालाही कळत नाही, तो म्हणतो, "नवीनच घ्या."

मग हे सगळे गेले कुठे? लिव्हरपूलचा मेकॅनोचा कारखाना १९७९ साली बंद पडला. हॉर्नबीचे नाव दुसऱ्या मालकांकडे जाऊन मार्गेट गावी नांदत होते. १९९० च्या दशकात तिथलेही उत्पादन चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात गेले. अमेरिकन बॅकमन त्याआधीच हाँगकाँगच्या कंपनीच्या पदरात पडली होती. आणि चीनमधून ज्या तयार गाड्या येऊ लागल्या, त्या पाहून तळघरातल्या म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली. दारांच्या मुठी वेगळ्या, कठड्यांच्या तारा केसाएवढ्या, ड्रायव्हरच्या खोलीत रंगवलेला ड्रायव्हर. त्याला सहा महिने बसूनही इतके साधले नसते. ॲथर्नने २००९ च्या सुमारास निळ्या खोक्यांचे संच बंद केले, तेव्हा पुष्कळ म्हातारे हळहळले. पण त्यांच्यातल्या निम्म्यांनी गेल्या दहा वर्षांत एकही निळे खोके घेतले नसेल, असा माझा कयास आहे. आपण नाही का, गावचा बाजार मोडला म्हणून हळहळतो आणि भाजी मॉलमधून आणतो.

एक गोष्ट मात्र या हळहळीत सहसा कोणी बोलत नाही. त्या मुठी, त्या तारा, तो ड्रायव्हर हे यंत्र बसवत नाही. चिमटा घेऊन कोणीतरी हाताने बसवते. किट संपलेले नाही. तेच सुटे भाग, तीच जुळणी. फक्त पूर्वी जो माणूस ते पैसे देऊन आवडीने करायचा, त्याच्याऐवजी आता ग्वांगडोंगमधली कोणी मुलगी दिवसाला शेकडो गाड्यांसाठी पगारावर करते. तिला त्या गाडीचे नावही ठाऊक नसेल. बापाची करमणूक तिची पाळी झाली. आणि तयार गाडी स्वस्त पडते ती तिच्यामुळे, मालकाच्या हुशारीने नव्हे.

उमरेडच्या माणसाला हे समजायला चीनपर्यंत जावे लागू नये. रेशीमकाठी सुती कापड विणण्यासाठी आमचे गाव एके काळी प्रसिद्ध होते. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि हातमागाशेजारी गिरणीचे कापड येऊन बसले. मिलही पुढे बंद पडली, तो भाग निराळा. तान्ह्या पोळ्याचेच पाहा. विदर्भातल्या पोराचे चाकांवरचे पहिले वाहन म्हणजे लाकडी बैल. आमचा बैल गल्लीतला सुतार समोर बसवून करून देई. एक पाय आखूड निघे, मग बाकीचे तीन तासावे लागत, आणि होता होता बैलाचे वासरू होई. आता बाजारात रंगीत बैल रांगेने उभे असतात, चारी पाय सारखे. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीचे किल्लेही तयार मिळतात म्हणे. बुरुज लावून आणायचे, शिवाजी महाराज वर ठेवायचे, झाले.

पुण्याचे मात्र एक सांगितले पाहिजे. भाऊ जोशी यांनी वर्षानुवर्षे जमवून, जुळवून तिथे छोट्या रेल्वेंचे संग्रहालय उभे केले. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झाले. तारखेवर जाऊ नका, प्रकार अस्सल आहे. एका लग्नाच्या निमित्ताने पुण्याला गेलो असताना मी ते पाहिले. खालच्या गावात दिवे लागतात, वळणावरून गाड्या येतात, दोरीने ओढली जाणारी गाडी डोंगर चढते. आमची ही म्हणाली, "एवढं घरात कोणी करत असेल तर त्याच्या बायकोला आधी नमस्कार." तो नमस्कार माझ्या दिशेने इशारा होता, हे मी ओळखले.

आता आमच्या गाडीकडे वळतो. बाजारात सर्वांत जास्त चालणारे मॉडेल सत्त्याऐंशीस एक या प्रमाणाचे. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे; ८७ ने गुणा, युरोप-अमेरिकेच्या रुळांचे १४३५ मिलिमीटर बरोबर येतात. इंग्रजांनी मात्र शहात्तरास एक या प्रमाणाची गाडी त्याच रुळांवर चढवली, कारण त्यांची इंजिने अंगाने लहान आणि त्या काळची मोटर आत मावेना. अंगापेक्षा बोंगा जड म्हणतात तो हा. भारतीय मोठ्या लाइनीसाठी सत्त्याऐंशीच्या हिशेबाने सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ लागतात. ते दुकानात नसतात. म्हणून आपली राजधानी एक्स्प्रेस हौशी लोकांच्या टेबलावर परक्या अरुंद रुळांवरून अंग चोरून धावते.

आणि छोटी लाइन? ७६२ भागिले ८७, पावणेनऊ मिलिमीटर. नऊ मिलिमीटरचे रूळ जगभर तयार मिळतात, त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी केलेले! राजधानीला जे मिळत नाही ते उमरेडला आयते मिळाले. हा हिशेब जमला त्या रात्री मी हिला उठवून सांगितला. ती म्हणाली, "सकाळी कळलं असतं तर चाललं असतं."

पण रूळ मिळाले म्हणजे गाडी मिळाली असे नाही. कारखान्याला एक साचा परवडायचा तर हजारो गिऱ्हाइके लागतात, आणि नागपूर-नागभीड पॅसेंजरचा डबा घेणारी हजारो माणसे कुठून आणायची? आम्हा सगळ्यांना त्या गाडीत बसायचे होते, ती विकत घ्यायची नव्हती. किटच्या जमान्यात एखाद्या वेड्याने घरी पन्नास संच काढून विकले असते. आता तो मधला माणूसच नाहीसा झाला. एका टोकाला ग्वांगडोंग, दुसऱ्या टोकाला मी, ब्लेडचे अर्धे पाते आणि फेव्हिकॉल घेऊन.

पुठ्ठ्यासाठी लग्नपत्रिका उत्तम. श्रीमंतांच्या अधिक उत्तम, कारण जाड असतात. डब्याची एक बाजू गेल्या वैशाखातल्या एका पत्रिकेची आहे. आतून वाचले तर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असे दिसते. मापे घ्यायला दोनदा नागपूरला मोतीबागेत जाऊन आलो. २००२ पासून तिथे छोट्या लाइनीचे संग्रहालय आहे, जुनी इंजिने आणि डबे उभे आहेत. टेप घेऊन डब्याची खिडकी मोजणारा म्हातारा पाहून एका शाळकरी मुलाने विचारले, "काका, तुमचा डबा आहे का हा?"

पुतण्याला आता रस आला आहे. तो म्हणतो, तुम्ही फक्त मापे द्या, मी कॉम्प्युटरवर आकृती काढून प्लॅस्टिकचे भाग छापून देतो. जुळवा मग तुम्ही. म्हणजे किट परत येते आहे, तेही महालाच्या वाटेने. मी हो म्हटले. मापे मात्र कुठल्या एका जागी नाहीत. संग्रहालयातला डबा एका काळातला, आमच्या आठवणीतला दुसऱ्या. म्हणून गावातल्या दोन निवृत्त रेल्वेवाल्यांना चहाला बोलावले. खिडकीला गज किती होते, हे विचारायला. एक म्हणाले तीन. दुसरे म्हणाले, "तीन कसे? पोट्टे चढत नव्हते का आत? तीन असते तर सारी शाळाच खिडकीतून गेली असती. चार होते." पहिले उठून उभे राहिले. त्यांनी त्या लाइनीवर बत्तीस वर्षे काढली होती, दुसऱ्यांनी तेहेतीस. तीन वेळा चहा झाला.

शेवटी जाताना दोघे दारात थांबले. "सर, हे चिकटवू नका एवढ्यात," पहिले म्हणाले. "भिवापूरले माह्या मेव्हण्याकडे जुना फोटो आहे. रविवारी जाऊन पाह्यून येतो."

डबा टेबलावर आहे. एका बाजूच्या खिडक्या तशाच उघड्या ठेवल्या आहेत. नातू रोज विचारतो, रविवार कधी आहे.