घराण्यात नाही, म्हणून काय?

'आमच्या सात पिढ्यांत कुणाला असलं काही नाही, मग पोराच्या मेंदूतली गाठ जनुकामुळे कशी?' हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. मेंदूच्या बहुसंख्य गाठी आनुवंशिक विकारातून येत नाहीत, हे खरेच. पण 'घराण्यात नाही, म्हणजे जनुकात नाही' हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

'न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १' हा विकार पाहा. साधारण ३००० बाळांमागे एकाला तो असतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे १७व्या गुणसूत्रावरचे जनुक यात बिघडलेले असते. ते १९९० मध्ये सापडले. सुमारे निम्म्या रुग्णांत हा बिघाड आईवडिलांकडून आलेलाच नसतो, तो त्या बाळात नव्याने घडतो. उरलेल्यांतही वारसा कधी कधी लपून राहतो. बापाच्या पाठीवर नुसते डाग असतात, सदऱ्याखाली झाकलेले. आयुष्यभर त्यांची कुणी चौकशी केलेली नसते.

बाळाला न्हाऊ घालताना आजीला त्याच्या अंगावर तसलेच डाग दिसतात: दुधाळ कॉफीच्या रंगाचे, सपाट, हाताला न लागणारे. आपल्याकडे त्यांना ग्रहणाचे डाग म्हणून सोडून देतात. एखाददुसरा डाग असेल तर काळजी नको. पण लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा अधिक डाग असतील, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजेत. या विकाराच्या सुमारे १५ टक्के मुलांत दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ होते, तीही बहुधा सहा-सात वर्षांच्या आत.

'जनुकातच आहे, तर कळून उपयोग काय?' असाही आक्षेप घेतात. उपयोग मोठा आहे. मुलाचे डोळे नियमित तपासले जातात. यातल्या कित्येक गाठींवर नुसती नजर ठेवली तरी भागते. उपचार लागलेच तर किरणोपचार शक्यतो टाळतात, कारण या मुलांत त्यातून पुढे दुसरी गाठ होण्याचा धोका वाढतो. म्हणजे जनुकाचे निदान उपचाराची दिशाच बदलते. 'ट्यूबरस स्क्लेरोसिस' या दुसऱ्या विकारातल्या मेंदूच्या गाठीसाठी तर एव्हरोलिमस या गोळीला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. बिघडलेल्या जनुकामुळे मोकाट सुटलेली वाढीची यंत्रणाच ती आवरते.

आणि 'आमच्यात नाही, म्हणजे तुझ्या माहेरचं' असे सुनेला ऐकवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: जो बिघाड बाळातच प्रथम घडला, त्याला ना सासर असते, ना माहेर. दोष शोधण्यात जाणारा वेळ बाळाचे अंग उजेडात नीट पाहण्यात घालवा.