हातावर ताल धरणे

हातावर ताल धरणे म्हणजे टाळी, हाताची निःशब्द हालचाल व बोटांवरील मोजणी यांच्या साहाय्याने तालाच्या मात्रा दाखवण्याची पद्धत होय. वाद्याविना लय शिकवता येत असल्याने लहान मुलांच्या संगीतशिक्षणात तिला विशेष महत्त्व आहे.

इतिहास

भरताच्या नाट्यशास्त्रात तालक्रियांचे सशब्द आणि निःशब्द असे दोन वर्ग सांगितले आहेत. शम्या, ताल, सन्निपात व ध्रुव या सशब्द क्रिया होत.

स्वरूप

हिंदुस्तानी संगीतात टाळी सशब्द, तर हात बाजूला नेऊन दाखवलेली खाली निःशब्द असते. सोळा मात्रांच्या त्रितालात १, ५ व १३ या मात्रांवर टाळी आणि ९ व्या मात्रेवर खाली येते. सहा मात्रांच्या दादऱ्यात पहिल्या मात्रेवर टाळी व चौथीवर खाली असते. कर्नाटक संगीतात टाळीनंतर बोटांनीही मात्रा मोजतात. कथकमध्ये हेच काम तत्कार, म्हणजे पदाघात, करतो.

अध्यापन

प्रारंभी दादरा, केरवा यांसारखे लहान आवर्तनाचे ताल घेतात. मूल तोंडाने ठेक्याचे बोल म्हणत हाताने टाळी-खाली दाखवते. पुढे दुगुन शिकवताना हाताची गती तीच ठेवून एका मात्रेत दोन बोल म्हणावयाचे असतात. बोलांबरोबर हातही जलद होणे ही नवशिक्या मुलांची नेहमीची चूक होय. खालीच्या वेळी आवाज नसतानाही मात्रा मनात चालू ठेवावी लागते. लय अंगी बाणण्याची खरी कसोटी येथेच लागते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सुरुवातीच्या परीक्षांतही हातावर ताल म्हणून दाखवणे अपेक्षित असते.

लोकखेळांतील लय

मंगळागौरीच्या झिम्मा, फुगडी व पिंगा या खेळांत टाळ्या, पावले आणि गाणे एकाच लयीत चालतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत गुजराती वस्ती मोठी असल्याने नवरात्रातील दोन व तीन टाळ्यांचा गरबा तेथील अनेक मुलांच्या परिचयाचा असतो. औपचारिक शिक्षणापूर्वीच अशा खेळांतून सम व आवर्तन यांची जाण निर्माण होऊ शकते.

पाश्चात्त्य पद्धती

स्विस संगीतकार एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी शारीरिक हालचालींतून लय शिकवण्याची पद्धत विकसित केली. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) यांच्या पद्धतीत चुटकी, टाळी, मांडीवरील थाप व पदाघात यांचा वापर होतो. भारतीय पद्धतीत मात्र हाताची प्रत्येक क्रिया आवर्तनातील निश्चित स्थान दर्शवते, हा तिचा विशेष होय.

हेही पहा

ताल, लय, त्रिताल, झिम्मा, गरबा